वाणात लुटलेली कुयरी

लढाईचे दिवस होते. नवरा तोफांच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम करायचा आणि मी दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या खोलीत चित्रं काढत बसायचे. हळदीकुंकवाची कुयरी आंब्याच्याच आकाराची काहून असावी? मी ग्वारीघाटच्या नावेसारखी केली. एका टोकाला हळद, दुसऱ्याला कुंकू. ठठेऱ्याकडून, म्हणजे इकडच्या तांबटाकडून, पितळेत घडवून घेतली आणि हौसेहौसेनं संक्रांतीचं वाण म्हणून गल्लीभर लुटली.

होळीच्या आत बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानात माझ्याच नावेच्या कुयऱ्या ओळीनं मांडलेल्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भैया, ये डिझाइन मेरा है."

दुकानदार हसला. "तो कागज दिखाइए, बहनजी."

तडक ओळखीच्या मराठी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, डिझाइनची नोंदणी कलकत्त्याला होते. पण ते नवं लागतं. तुम्ही आधीच गावभर वाटलं. आता या नावेचं काही होत नाही."

घरी येऊन मी रडले. नवरा म्हणाला, "आमच्याकडे एक ड्रॉइंग गेटबाहेर गेलं तर नोकरी जाते, अन् तू घरोघर वाटून आलीस!" खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. पण हात टेकणाऱ्यातली मी नव्हे.

दुसरी कुयरी काढली. बेलपानाची, तीन वाट्यांची: हळद, कुंकू, अक्षता. चित्र पेटीत आणि किल्ली कमरेला. ठठेऱ्यालाही दाखवलं नाही. वकिलांनी अर्ज कलकत्त्याला धाडला. उत्तर यायच्या आत संक्रांत आली. मी साधे कंगवे लुटले.

"यंदा हात आखडला वाटतं!" शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली. जिभेवर आलेलं गिळलं. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, "गोड बोला."

उन्हाळ्यात नोंदणीचा कागद आला. ठेवणीतलं लुगडं नेसून मी त्याच दुकानात गेले आणि तो गल्ल्यावर ठेवला. दुकानदारानं चष्मा लावून सगळा वाचला.

"इसमें साहब का नाम कहाँ है?"

"साहब का क्यों होगा? मैंने बनाया है. नीचे पढ़िए."

त्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं. वहिनी नाही, बहनजी नाही. लग्न होऊन या गावात आल्यापासून बाजारात ते पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं.