राठोड मास्तर आणि रपट्यावरचं पाणी

राठोड मास्तरांच्या वर्गात नुसता आकडा बोलायची सोय नव्हती. फळ्यावरचं गणित सोडवून कुणी ऐटीत म्हणालं, "उत्तर बारा, मास्तर," की ते खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "बारा काय? बारा बैल का बारा वांगे?" वर्ग हसायचा. मास्तर हसत नसत. "आकडा एकटाच फिरून राह्यला, तर लोक त्याले कोनाच्याबी घरचा म्हनतीन. त्याचं आडनाव सांग." पोरगं चाचरत म्हणे, "बारा फूट." "हां. आता बस."

ते नेरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा मी नववीत होते. उंच, काटक माणूस. पांढरा सदरा, आणि चालणं असं की बरोबरीच्या माणसाला पळावंच लागे. दारव्ह्याकडच्या एका तांड्यातले ते पहिले शिकलेले. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. "माह्या आज्याले मैल माहीत नव्हता," ते सांगत. "बैल कुठं दमते ते माहीत होतं. तेच त्याचं माप. पन त्याचा बैल अन् दुसऱ्याचा बैल सारखा दमते का? म्हनून सगळ्याईनं कबूल केलेलं माप लागते." एककं म्हणजे काय, हे आम्हाला त्या दमलेल्या बैलानं शिकवलं.

ते दिवस मापं बदलण्याचे होते. शेराचा किलो होत होता, गजाचा मीटर. माझे बाबा शिंपी. हात गजाला सवयीचा, त्यामुळे मीटरनं आणलेल्या कापडाचा अंदाज त्यांना लागेना. एकदा एका गिऱ्हाइकाशी त्यांची चांगलीच जुंपली. "कापड जास्तीचं होतं, उरलेलं कुठं गेलं?" असा त्याचा सवाल. मास्तर रस्त्यानं चालले होते, ते दुकानाच्या पायरीवर चढले. गज आणि मीटरपट्टी शेजारी शेजारी ठेवली आणि मीटरपट्टीच्या वाढीव टोकावर बोट टेकवून म्हणाले, "भाऊ, शिंप्याची नियत पाहाच्या आधी पट्टी पाहा. दोघंबी खरं बोलून राह्यले, पन येगयेगळ्या भाषेत." त्या दिवसापासून बाबा त्यांना मानू लागले.

गती शिकवायला मास्तर आम्हाला अमरावती रोडवर नेत. कुणी बैलगाडीमागून चालायचं, कुणी सायकलवर, आणि मैलाच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती वेळ लागला ते सांगायचं. मनगटावर घड्याळ त्यांच्या एकट्याच्या. सायकलवाल्या पोरानं फुशारकी मारली, की म्हणत, "तू घाईत होता, जोरात नव्हता. घाई मनातली असते, बाबू. वेग रस्त्यावर मोजा लागते."

मार्चच्या मॅट्रिकला मी विज्ञानात नापास झाले. घरी लग्नाचं बोलणं सुरूच होतं. उमरखेडकडचं एक स्थळ आलेलं. बाबांनी सांगून टाकलं, "ऑक्टोबरात बसून पाह्य. झाली पास तर पुढं पाहू. नाही तर लगन." सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी पुस्तकात डोकं घालून काढला.

पेपर यवतमाळला. हस्ताचा पाऊस आदल्या रात्रभर कोसळला होता. मी, आमच्या शाळेतली दोन मुलं आणि सोबत मास्तर, असे आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. वाटेत एका नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. गाडी थांबली. उतारू खाली उतरून बघू लागले. "घोट्याइतकंच तं पानी हाये, काढ गाडी!" असा एकच गलका झाला. ड्रायव्हर तरुण होता. त्यानं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी कपाशीच्या शेतातली पऱ्हाटीची काडी उपटली, वरच्या अंगाला पाण्यात टाकली आणि तिच्याबरोबर काठानं निघाले. चालता चालता पळू लागले, तरी काडी पुढेच. परत येऊन त्यांनी पुन्हा एक टाकली, या वेळी हातातल्या घड्याळाकडे बघत. मग ड्रायव्हरला म्हणाले, "खोली नको पाहू. जोर पाहा. कडेचे दगड दिसत नाहीत, रपटा खालून खचला का तेबी समजत नाही. थांब."

"मास्तर, माहा पेपर!" मी रडकुंडीला आले होते.

"मले माहीत हाये, शांता."

एवढंच. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आणि थोड्याच वेळात समोरून एक ट्रक आला, क्षणभर थांबला आणि पाणी उडवत सरळ आमच्या बाजूला निघून आला! लोक मास्तरांवर तुटून पडले. "काहून अडवलं आमाले? पुस्तकातलं शहाणपन पुस्तकात ठेवा!" मास्तर पाण्याकडेच बघत होते. "तो ट्रक मालानं भरलेला, जड होता," ते म्हणाले. "अन् तो निघाला म्हनून पानी कमी नाही झालं." कुणी ऐकलं नाही. पाणी उतरल्यावर आम्ही यवतमाळला पोचलो तेव्हा मुलं पेपर देऊन बाहेर पडत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले. बाबा मशीनवरून उठले नाहीत. "तुमच्या हिशेबात माह्या पोरीचं वरीस गेलं," ते म्हणाले.

"गेलं," मास्तर म्हणाले. आपला हिशेब बरोबर होता, असं त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. "मार्चपर्यंत लग्नाचं थांबवा. मी घरी येऊन शिकवतो."

आई आतून म्हणाली, "थांबा ना वो." बाबांनी मशीनचं चाक फिरवलं, म्हणजे होकार. पुढं थंडीभर शाळा सुटली की मास्तर आमच्या ओसरीवर येत. मार्चमध्ये मी पास झाले, चांगल्या मार्कांनी.

निकाल लागला तेव्हा सुट्ट्या होत्या आणि मास्तरांची बदली झाल्याचं कळलं. पेढे घेऊन बाबा आणि मी त्यांच्या तांड्यावर गेलो. ते नव्या गावी घर बघायला गेले होते. दारात त्यांची आई बसली होती, हातभर बांगड्या, डोईवर ओढणी. मी नाव सांगितलं.

"शांता? नाल्यावाली छोरी तूच का?" तिनं मला खाली बसवलं. "त्या दिवशी रातच्यालेच आला तो इथं. जेवला नाही. मले म्हने, याडी, गाडी जाऊबी शकली असती. म्या पोरीचं नुकसान केलं का?"

ज्या माणसाला आम्ही कधी डगमगताना पाहिलं नव्हतं, तो आईपाशी येऊन हे विचारत होता. बाबांनी मान खाली घातली.

"मंग तुमी काय म्हनलं?" मी विचारलं.

म्हातारीनं माझ्या गालावरून खरखरीत हात फिरवला. "म्या काय सांगनार? मले थोडंच समजते पान्याचं? म्हनलं, आता जेव. अन् उद्यापासून तिले शिकवाले जा."