बाकडं तिथंच राहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी नगरच्या एका प्रयोगशाळेत नवी होते. जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे कणांना वेग देणारं यंत्र होतं. त्यातून न्यूट्रॉन सुटायचे — सलग नव्हे, झटक्याझटक्यानं. ते दिसत नाहीत. अंगाला काय करून गेले, ते वर्षांनी कळतं. भिंतीअलीकडे किती पोचतात, ते मोजून वहीत लिहायचं, हे माझं काम. राहात्याचे सोपानमामा पंप सांभाळायचे. भिंतीलगत गारवा, म्हणून तिथल्या बाकड्यावरच ते भाकरीचं फडकं सोडायचे. यंत्र चालू असतानाही.

एके दिवशी साहेबांनी झोत दुप्पट केला. माझ्या मोजायच्या मीटरचा काटा मात्र होता तिथंच. असं कसं? मी झटके मोजले, मग मीटरच्या टिकटिकी मोजल्या. मीटर एका झटक्याला एकदाच टिकटिकत होता. न्यूट्रॉन एक असो की हजार. तो नुसते झटके मोजत होता!

खात्रीसाठी मेणाच्या ठोकळ्यात इंडियम या धातूची चकती घालून बाकड्याखाली ठेवली. न्यूट्रॉन लागले की ती स्वतःच किरण सोडू लागते. मग यंत्र बंद करून सावकाश मोजता येतं. तिचा आकडा मीटरच्या कित्येक पट निघाला.

साहेबांना सांगायचं? आदल्याच आठवड्यात ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मीटर परदेशी आहे, पोरी. तुझ्यापेक्षा जास्त शिकलेला." सगळे हसले. मीही हसले — का हसले?

वहीत मी मीटरचाच आकडा लिहिला. "सुरक्षित." खाली सही.

त्याच दुपारी सोपानमामांनी विचारलं. "ताई, काटा काय म्हनतोय? बसू ना हितं?"

"बसा."

"मग तुमी का लांब पळताय? इंग्रजी शाळंतल्या लई भित्र्या!"

कारण — हेच ते — त्याच सकाळी उजेडाचं निमित्त सांगून मी माझं टेबल व्हरांड्याच्या टोकाला नेलं होतं.

घरी मला लाजाळू म्हणतात. चीड येते त्या शब्दाची! साहेबांचीही येते, त्या परदेशी डब्याचीही. पण टेबल उचलताना माझं लाजाळूपण कुठं गेलं होतं?

वर्षभर ते तिथंच जेवले. नोकरी सोडून मी केडगावला घरी निघाले, तेव्हा त्यांनी पेरूंची पिशवी पुढं केली — "आमच्या राहात्याचे हायेत, ताई." चकतीचा आकडा लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता.

मी पिशवी घेतली.