शकुंतलाबाईंच्या बाटल्या

काल पुंडलिकनगरच्या दवाखान्यात नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासानं चिकलठाण्याची आमची प्रयोगशाळा आठवली. तिथं आम्ही काचेच्या बाटल्यांत केळीची रोपं वाढवत असू.

एका सकाळी मांडणीवरच्या सगळ्या बाटल्यांत बुरशी दिसली. नखाएवढे हिरवे कोंब पांढऱ्या कापसाखाली गाडल्यासारखे झाले होते. साहेबांनी बाटल्या धुणाऱ्या शकुंतलाबाईंना बोलावलं.

"दोनदा धुतल्या साहेब. यांना इचारा की," त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या.

मला कारण ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात मुलगी पाहायला जायच्या घाईत, रोपांचं खाद्य भरलेल्या त्या बाटल्या मी जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रातून वेळेआधीच काढल्या होत्या. तरी म्हणालो, "बाई, हात नीट चालवायला पाहिजेत."

त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. साबणानं बोटांची सालं निघाली होती. "व्हय, माझ्याच हातून ऱ्हायलं असंल," त्या पुटपुटल्या. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. आता त्यांची नोकरी गेली यापेक्षाही हे जास्त जाचतं, की माझं खोटं त्यांना खरं वाटलं. त्या हयात आहेत का, माहीत नाही. म्हणून लिहून ठेवतो: बाटल्या स्वच्छ होत्या, चूक माझी होती.