पिकअपला पांघरलेली शाल

राजूरच्या गणपतीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण खरं सांगायचं तर त्या पहाटेपर्यंत त्याच्याहून जास्त भरवसा माझा स्वतःच्या मेकॅनिकगिरीवर होता. आमच्या गावात कुणाची गाडी बंद पडली तर मला कुणी बोलावत नाही, मीच आपणहून जातो. बॉनेट उघडतो, एखादा नट उगाच सैल करून पुन्हा आवळतो, 'डिझेलमध्ये कचरा असंल' असं सांगतो आणि हात पुसून चहा पिऊन येतो. पुढं ती गाडी टोचन लावून न्यावी लागली तरी दोष गाडीचाच. अशा माणसाच्या हाती देवानं एका थंडीच्या पहाटे तान्ह्या लेकराचा जीव सोपवला. तेव्हा काय झालं ते जसं आठवतं तसं लिहितो. त्याला चमत्कार म्हणायचं की काय, हे मला ठरवता आलेलं नाही आणि आता ठरवावंसंही वाटत नाही.

आधी शालीचं सांगतो. चतुर्थीच्या भंडाऱ्याला महाप्रसादाच्या कढया मी माझ्या पिकअपमधून फुकट वाहिल्या, म्हणून गावानं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. नारळाची चटणी झाली. शाल बायकोनं मागितली, तर मी म्हणालो, कढया गाडीनं वाहिल्या, सत्कार गाडीचा. माझी पिकअप जुनी, डिझेलवरची. थंडीत सकाळी चालू व्हायला फार कुरकुर करायची. म्हणून रोज संध्याकाळी इंजिन निवलं की मी बॉनेट उघडून ती शाल इंजिनावर पांघरायचो आणि सकाळी चावी फिरवण्याआधी काढून घ्यायचो. पांघरून झाल्यावर पायाही पडायचो. घरचे हसायचे, पण गाडी सुरू होत होती, त्यामुळं माझी मान ताठ होती.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ती अजून आमच्याकडंच होती. पौषातली थंडी. नातवाला सर्दी झाली, मग खोकला. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "छाती आत ओढायला लागली तर थांबायचं न्हाई, सरळ जालन्याला न्यायचं." दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीनं हाक मारली, "आप्पा, ह्याच्या बरगड्या आत जाऊन राह्यल्या." मी बॅटरी धरून पाहिलं. एवढीशी छाती, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. श्वास सोडताना बारीक कण्हत होता. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. बायकोनं लेकराला टोपडं घातलं, स्वेटर घातला, त्यावर दुपटं, त्यावर ब्लँकेट, आणि गार वारं लागू नये म्हणून तोंडावरून पदर. मी धावत जाऊन गाडीत बसलो, दोघी लेकराला घेऊन शेजारी बसल्या आणि मी चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू झाली. देव पाठीशी आहे, असं मला वाटलं.

गाव सुटलं तसं धुकं दाट झालं. काचेपुढं चार पावलांपलीकडचं दिसेना. तरी रस्ता हाताखालचा होता, मी गाडी रेटत होतो. आणि राजूरच्या अलीकडच्या चढावर गाडीचा दम गेला. अॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी वेग उतरतच चालला, जसं मागून कुणी दोर बांधून धरलंय. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं असतं. शेजारी ते कण्हणं चालू होतं. ऐकू आलं नाही की मी इंजिनाचा आवाज सोडून तिकडं कान लावायचो. मला मुलीकडं पाहायचीही भीती वाटत होती.

मी गाडी बंद करून उतरलो. निदान माझं तयारच होतं. काश्मीरला जाऊन आलेल्या एका ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं की थंडीत डिझेल गोठतं. जालना जिल्ह्यात आजवर कुणाचं डिझेल गोठल्याचं ऐकिवात नाही, पण मी खाली वाकून डिझेल फिल्टरचा स्क्रू सैल केला, थोडं पाणी-डिझेल सांडून दिलं, त्याच्यावरचा बारका हातपंप मारला. बोटं बधिर झाली होती. गाडी चालू केली आणि ती सुसाट निघाली. मी बायकोकडं विजयी नजरेनं पाहिलं. राजूरच्या कमानीपर्यंत माझा विजय टिकला, तिथं पुन्हा दम गेला.

कमानीपाशी मी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवरच हात जोडले. धुक्यात टेकडी दिसत नव्हती, मंदिर दिसत नव्हतं, वरून नुसता घंटेचा आवाज येत होता. नारळ बोललो. चावी फिरवली, गाडी पळाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग राजूर मागं पडलं आणि गाडी पुन्हा मरगळली. पुन्हा थांबवली, लाडू बोललो, पुन्हा पळाली. पुन्हा मरगळली. मी अभिषेक बोललो. पुढच्या वेळी अनवाणी येईन म्हणालो. बाजारात विकणारा उठून चालला की गिऱ्हाईक भाव वाढवत जातं तसा मी देवापुढं वाढवत होतो, आणि दर वेळी तो जेमतेम एका वळणापुरतं दान टाकत होता. मधेच हिनं मागं पाहून म्हटलं, "अहो, लई काळा धूर निघून राह्यला. अन् लोकर जळल्यावानी वास येतो." मी म्हणालो, "कुणीतरी शेकोटीत चिंध्या टाकल्या असतील. थंडीत धूर असाच असतो. तू लेकराकडं बघ." 

"लेकराकडंच बघती," ती म्हणाली, "म्हणून तर सांगून राह्यले."

मग एका वेळी बोलायला काही उरलंच नाही. गाडी रस्त्याच्या कडेला आणून मी बंद केली आणि खाली उतरून नुसता उभा राहिलो. कण्हणं आता मधेच थांबत होतं. थांबलं की आम्ही तिघं श्वास धरायचो. एक जीप धुक्यातून आली, मी दोन्ही हात वर केले, तिला मी दिसलोच नसेन, ती गेली. त्या क्षणी मला कळलं की मला काहीच येत नाही. गाडीतलं येत नाही, देवाशी बोलायचंही येत नाही. मनात एवढंच आलं: बाबा, माझं संपलं, आता तू बघ. हे काही भक्तीनं म्हटलेलं नव्हतं. हात टेकले म्हणून म्हटलेलं होतं.

बांधावर शेकोटी होती, ती मला तेव्हा दिसली. हरभऱ्याच्या राखणीला बसलेली एक म्हातारी उठून आली. अंगावर नुसतं विरलेलं लुगडं, पोत्याची खोळ डोक्यावर. तिनं मला काही विचारलं नाही. सरळ केबिनपाशी जाऊन आत वाकली.

"काय झालं लेकराला?"

"दम लागला, आजी," मुलगी म्हणाली आणि पहिल्यांदा रडली.

"मंग तोंड कशापायी झाकलं?" म्हातारीनं हात घालून पदर बाजूला केला, ब्लँकेट सैल केलं. "थंडी अंगाला वाजती माय, नाकाला न्हाई. पांघरा बराबर, पर वारं तर आत जाऊ द्या. जीव कुठून घ्यावा त्यानं?"

नातवानं तोंड उघडं होताच एक लांब श्वास घेतला, आवाज करत. कण्हणं गेलं नाही, पण ते पुन्हा एका लयीत सुरू झालं. मी दाराशी उभा होतो. 'पांघरा, पर वारं आत जाऊ द्या.' ते वाक्य माझ्या डोक्यात फिरलं. सकाळी चावी फिरवण्याआधी मी बॉनेट उघडलंच नव्हतं.

बॉनेट उघडलं. शाल तिथंच होती. इंजिनाला हवा जाते त्या नळीच्या तोंडावर तिचं एक टोक चिकटलं होतं, आत ओढून बुचासारखं बसलेलं. दुसरं टोक धुराच्या नळीवर लोंबत होतं, करपून तपकिरी झालेलं, त्यातून धाग्याएवढा धूर निघत होता. मी खाली बसलो. जोर लावला की इंजिन शाल तोंडात ओढून घ्यायचं, बंद केलं की ती सैल पडायची. फिल्टर, हातपंप, नारळ, अभिषेक, माझ्या सगळ्या उपायांचं काम एवढंच होतं की गाडी थोडा वेळ बंद व्हायची. आणि मग दुसरी गोष्ट सुचली. गाडीचा दम गेला नसता तर मी तिला तशीच जालन्यापर्यंत पिटाळली असती, आणि ते करपलेलं टोक वाटेतच पेटलं असतं. केबिनमध्ये माझी बायको होती, मुलगी होती, नातू होता. ज्या अडवणुकीला मी सगळी वाट कोसत होतो, तिनंच आम्हाला पेटण्याआधी थांबवत थांबवत इथवर आणलं होतं.

शाल ओढून काढली, विझवली आणि फेकायला हात उचलला, तर म्हातारी म्हणाली, "टाकू नको. दे इकडं, मला चालती."

"द्या त्यांना," आतून हिचा आवाज आला. "गाडीचा सत्कार लई झाला."

पुढचं थोडकं आहे. गाडी नव्यासारखी पळाली. दवाखान्यात नातवाला लगेच आत घेतलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. बाहेरच्या बाकावर मी बसलो आणि भीती अजून अंगात तशीच होती. सवयीनं ओठांवर 'देवा, हे देईन' असं येऊ लागलं, आणि मी थांबलो. काही बोललो नाही, काही मागितलं नाही. हात मोकळे ठेवून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा देवासमोर माझी वटवट बंद झाली होती, आणि त्या गप्प बसण्यात भीती असूनही तिला टेकायला कुठंतरी जागा होती. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. वेळेत आणलंत, म्हणाल्या. मी हिच्याकडं पाहिलं. ती रडत होती, तरी तेवढ्यातही माझ्याकडं अशा नजरेनं पाहत होती की वेळेत कुणी आणलं ते आपण घरी बोलू.

नातू बरा होऊन घरी आल्यावर राजूरला गेलो. बोललेलं सगळं फेडलं, अनवाणी टेकडी चढताना खडे टोचले तेव्हा कुरकुरही केली. देवापुढं उभं राहून म्हणालो, तू अडवशील तेव्हा यापुढं आधी माझंच बॉनेट उघडून पाहीन. येताना लाडूचा प्रसाद आणि एक नवं कोरं ब्लँकेट घेऊन त्या बांधावर थांबलो. मनातून धाकधूक होती, म्हातारी भेटते की नाही. ती तिथंच होती, पाखरं हाकत. लाडू घेतला, लेकराची विचारपूस केली, ब्लँकेट पाहून म्हणाली, "येवढा खर्चा कशाला?" तिच्या अंगावर तीच पोत्याची खोळ होती.

मी विचारलं, "आजी, शाल कुठं गेली?"

"शेळी व्याली ना," तिनं मागं हात केला.

तुराट्यांच्या आडोशाला एक बारकं करडू झोपलं होतं. गावानं दिलेली माझी सत्काराची शाल त्याच्याभोवती बराबर गुंडाळली होती, आणि तोंड तेवढं उघडं होतं.