जळकोटच्या चढावर
तापलेल्या रेक्झिनचा वास आला की जळकोटजवळचा एक चढ आठवतो. वडील गेल्यावर त्यांची जुनी सेडान माझ्याकडं आली होती; लायसन्स नवं होतं आणि शेजारी आई बसली होती. चढावर गाडी बंद पडली. मागं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता आणि ब्रेक सोडला की गाडी मागं सरकत होती. "उतर," हँडब्रेक ओढत आई म्हणाली. ती स्टिअरिंगवर बसली आणि तिनं हँडब्रेक सोडत गाडी अलगद वर काढली. "तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं. "तुझ्या बाबांनी, गाडी नवी होती तवा." "मग चालवणं का सोडलंस?" "तुझ्या आजोबांना पटलं न्हाई." गाव दिसताच तिनं गाडी थांबवली, पदर सारखा केला आणि परत डावीकडं येऊन बसली. मी गाडी गावात नेली. ‘आई, तूच ने,’ एवढं म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही.