गाडी पायावरून शिकते

सुमनबाई आहेर. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी हे एक नाव घेईन. आई-वडिलांचं त्यानंतर — आणि त्यांना त्याचं वाईट वाटणार नाही. आता जे लिहितोय ते माझ्या बायकोला माहीत नाही, वर्कशॉपमध्ये कुणाला माहीत नाही. बाईंनाही गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. लिहायला बसतो आणि पाणी प्यायला उठतो. मघापासून हेच चाललंय.

बाई आम्हाला सटाण्याला गणित शिकवायच्या. दहावीनंतर मी कांद्याच्या खळ्यावर कामाला जायचं, हे घरी ठरल्यासारखंच होतं. एका संध्याकाळी बाई आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या की दीपक पुढे शिकेल. वडील काही बोलेनात. बाईही बोलेनात, पण उठल्याही नाहीत. आईने दुसऱ्यांदा चहा टाकला तेव्हा कुठे वडिलांनी मान हलवली. त्या मान हलवण्यामुळे मी आमच्या घरातला पहिला इंजिनिअर झालो. हे आधी का सांगतोय? मी कुणाशी खोटं बोललो ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

नाशिकला हायवेलगतच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी लॅपटॉपवरच्या तपासणीचं काम बघतो. गाडीला लॅपटॉप जोडायचा, काय बिघडलंय ते वाचायचं, लागलं तर तिच्या आतलं सॉफ्टवेअर बदलायचं. बाई निवृत्त होऊन इंदिरानगरला राहायला आल्या, त्यांचे यजमान गेले, आणि साठी उलटल्यावर बाई गाडी चालवायला शिकल्या. त्यांची धाकटी बहीण वणीला असते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी बाई स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या आणि उजेड असताना परत यायच्या. गुडघ्यामुळे क्लच झेपत नव्हता, म्हणून ऑटोमॅटिक घ्या असं मीच सुचवलं होतं.

त्या गाडीत एक दोष होता. थांबलेली गाडी काढताना किंवा पुढच्याला मागे टाकताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की ती क्षणभर काहीच करायची नाही. मग एकदम उसळायची. हा दोष कंपनीलाही ठाऊक होता. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरसाठी नवं अपडेट आलं होतं, कुणी तक्रार केली की ते त्या गाडीत भरायचं. बाईंनी तक्रार केली. गाडी माझ्याकडे आली. बाई बाहेर बसून शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "आत आहे ना, तो माझा विद्यार्थी." काचेतून मला ऐकू येत होतं.

आता भीतीचं सांगतो. अपडेट चालू असताना वीज किंवा नेट तुटलं, तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर अर्धवट राहतो आणि गाडी जागची हलत नाही. माझ्या आधी हे काम तुषार करायचा. कुणीतरी पाण्याचा पंप लावायला त्याने गाडीच्या बॅटरीला लावलेला चार्जर काढला आणि एक गाडी तशीच मेली. गिऱ्हाईक सगळ्यांसमोर ओरडलं. तुषारला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो डबा तिथेच विसरून गेला होता. आणि त्याची खुर्ची मला मिळाली होती, नुकतीच.

मी बाईंच्या गाडीला चार्जर लावला, लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर विचारणा आली — सुरू करायचं का? माझं बोट बटणावर होतं. वर्कशॉपचे दिवे एकदा लुकलुकले. आणि मी बोट काढलं.

त्याऐवजी मी काय केलं? आमच्यात एक पळवाट आहे. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याच्या सवयी थोड्याफार टिपून ठेवते. त्या टिपलेल्या सवयी पुसायला पाच मिनिटं लागतात, त्यात धोका नसतो. पुसल्या की गाडी काही दिवस हलकी वाटते, मग पुन्हा पहिल्यासारखी. मी त्या पुसल्या, सिस्टीममध्ये अपडेट झालं असं टाकलं आणि बाईंना किल्ली दिली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शाळेत ठेवायच्या तसाच.

तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही. इथवरचं कदाचित मी कुणाला सांगूनही टाकलं असतं.

काही आठवड्यांनी बाई परत आल्या. म्हणाल्या, "अरे, पाय दाबला की ही आधी विचार करत बसते." मी शेजारी बसलो, त्यांनी गाडी बाहेर काढली. पाथर्डी फाट्याकडे सर्व्हिस रोडवरून उजवीकडे वळायचं होतं. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता. बाईंनी अंतर बरोबर जोखलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मी त्यांचा पाय बघत होतो. नीट, पुरेसा दाबला होता. गाडी रस्त्याच्या मधोमध गेली आणि थांबल्यासारखी झाली. ट्रकचा हॉर्न माझ्या बाजूच्या काचेवर आदळला. मग ती उसळली, आणि आम्ही पलीकडे होतो. बाईंनी गाडी कडेला घेतली.

तेव्हा बोलायचं होतं. गाडी ठेवा बाई, आजच करतो — एवढंच. पण मग मॅनेजर विचारणार, एकदा झालेलं परत का? आणि परत ते बटण. माझ्या तोंडातून जे आलं ते हे: "बाई, ही गाडी चालवणाऱ्याच्या पायावरून शिकते. तुम्ही घाबरत दाबता ना, म्हणून तिलाही तशीच सवय लागलीय."

बाईंनी विचारलं, "म्हणजे मीच तिला मंद शिकवलं?"

"तसंच काहीसं."

"घ्या. इतकी पोरं हाताखालून गेली, आणि एक गाडी शिकवता येईना." असं म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. हसलो मी.

त्यांनी मला उपाय विचारला. मी मनाला येईल ते सांगितलं — सकाळी मोकळ्या मैदानावर जा, सलग एका दमात पाय दाबायचा सराव करा. बाईंनी तो केला. रोज सकाळी. आम्हाला गणितं घालायच्या त्याच नेटाने. मला फोन करून कळवायच्या, आज दोनदा बरी निघाली, आज माझंच चुकलं. मी म्हणायचो, छान बाई, जमतंय. आई गावाहून फोन करून आमच्या अहिराणीत विचारायची, "बाईनी गाडी बरी शे ना?" मी हो म्हणायचो. आणि मग रविवार यायचा. दिंडोरी रस्त्यावर ट्रॅक्टर, पिकअप, वणीला जाणाऱ्या गाड्या. दुपारपासून मी फोन हातातून खाली ठेवायचो नाही. बायकोला वाटायचं, कामाचं असेल. मी देवाला काय मागत होतो माहीत आहे? बाई वाचू देत, हे. आणि त्याच श्वासात — कुणाला कळू देऊ नकोस, हेही.

एका रविवारी फोन आला. बाईंचाच होता. ट्रॅक्टरला मागे टाकायला त्या बाहेर निघाल्या होत्या, पाय दाबला, गाडी निघेना, समोरून एसटी. त्यांनी ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे घेतली, ती डावीकडे उतरली आणि द्राक्षबागेच्या तारेत अडकली. मी पोचलो तेव्हा बाई पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स. लागलं नव्हतं. बागवाला तार सोडवत होता. तो मोठ्याने म्हणाला, "आज्जी, गाडी लय भारी हे, पण आता तुमचं वय नाय राह्यलं गाडी हाणायचं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या वाट बघत होत्या — माझ्या उत्तराची. मी हो म्हणून मान हलवली.

"बास मग," बाई म्हणाल्या. "पाय काही शिकला नाही रे माझा."

गाडी त्यांनी विकायला काढली, आमच्याकडेच. विकण्याआधी सगळं तपासून द्यायचं असतं, त्यामुळे ती पुन्हा माझ्यासमोर आली. या वेळी मी बटण दाबलं. कसं दाबलं? सोपं आहे, आता ती बाईंची नव्हती, आणि बिघडली असती तरी समोर बसून माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. तासाभराच्या आत काम झालं. वीज गेली नाही. काहीच झालं नाही. मी ती त्याच वळणावर नेली, पाय नुसता टेकवला आणि ती निघाली.

बाई काही महिने एसटीने वणीला गेल्या. सीबीएसच्या बसस्टँडला रिक्षाने जायचं, उभ्याने प्रवास करायचा, त्याच दुखऱ्या गुडघ्याने चढायचं-उतरायचं. मग महिन्यातून एकदा. आता कुणी नेलं तर. मागच्या महिन्यात मी नेलं. बहिणीची वेणी घालायची राहिली, मला परतायची घाई होती. येताना बाई माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "तुझा पाय बघ किती सहज पडतो."

मी आरशात बघून पुढच्या गाडीला मागे टाकलं. मग त्यांनी सहजच सांगितलं — "शेजारच्या पवारताई निवृत्त झाल्यात, गाडी शिकायची म्हणतात. मी त्यांना नको म्हटलं, आपल्या वयात पाय शिकत नाही, उगाच जीव जाईल कुणाचा तरी."

गेल्या सोमवारी मी पत्र टाकलं. इंदिरानगर माझ्या घरापासून लांब नाही, तरी पोस्टाने. समोर उभा राहून मला हे बोलता आलं नसतं. उत्तर आलेलं नाही. त्या वर्कशॉपमध्ये येतील का, काय म्हणतील, नोकरीचं काय होईल — भीती अजून तशीच आहे, पत्र टाकल्याने गेली नाही. पत्र असं होतं:

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुमच्या गाडीचं अपडेट मी पहिल्या वेळी केलं नव्हतं. केलं असं खोटं सांगितलं. दुसऱ्या वेळी तुमच्या शेजारी बसून मी सगळं पाहिलं होतं. तुम्ही पाय वेळेवर दाबला होता आणि पुरेसा दाबला होता. उशीर गाडीने केला. तरी दोष तुमचा आहे असं मी म्हणालो. मैदानावरचा सराव मी मनाने रचला होता, त्याचा काही उपयोग होणार नाही हे मला माहीत होतं. तुम्ही रोज फोन करत होता तेव्हाही माहीत होतं. दिंडोरी रस्त्यावर झालं तेही गाडीमुळेच. बागेत तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. गाडी विकायला आली तेव्हा मी अपडेट केलं, आणि ती नीट चालू लागली.

पवारताईंना तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या खोटेपणावरून सांगितलंत. ते त्यांना खरं वाटू देऊ नका.

बाई, तुम्हाला गाडी चांगली चालवता येत होती.

दीपक