दोघांचा बाक

बहरीनमध्ये हिद्द गावात आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक मालवणी सुतार सुट्टीच्या दिवशी रंधा मारत बसलेला असतो. नाव मी अजून विचारलेलं नाही. बंदरावर टाकून दिलेल्या, माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांतून तो काहीबाही बनवतो. फळी हातात घेतली की आधी फुंकर मारतो, मग गालाला लावून बघतो.

माझ्या बहरीनी साहेबाला नेमबाजीच्या सरावात बंदूक टेकवायला स्वस्तातलं, गाडीत मावेल असं घडीचं टेबल हवं होतं, बसायच्या फळीसकट; तो त्याला 'शूटिंग बेंच' म्हणायचा. मी सुताराला जाता जाता सांगितलं, "शूटिंगसाठी बाक पाहिजे."

पुढच्या शुक्रवारी बघतो तर दोघं शेजारी शेजारी बसतील असा, पाठीला नक्षी काढलेला बाक तयार! त्याला वाटलं होतं, लग्नाचं शूटिंग. मला हसू फुटलं.

"अहो, बंदुकीचं शूटिंग. एकटाच माणूस बसणार."

तो बाकाकडे बघत राहिला. "एकट्याक बाक कित्याक? एकट्याक स्टूल पुरता."

साहेबाचं टेबल त्यानं दुसऱ्या फळ्यांतून करून दिलं. बाक मात्र मोडला नाही. आता संध्याकाळी तो त्यावर बसतो, अगदी एका कडेला. शेजारी कुणी नसतं, तरी मधे सरकत नाही.